टिपणीस डॉक्टरांचा हलका हात

टिपणीस डॉक्टरांचा हात हलका आहे, हे पेणमध्ये कुणीही सांगितलं असतं. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते कळायचं नाही. औषधाची कुपी ते आधी मुठीत धरून ऊबदार करत. मग पेशंटला विचारत, "काय वाघा, आज कालवण कसलं?" तो "बोंबलाचं" म्हणेपर्यंत इकडे कापूस चोळून झालेला असे.

त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो. मी बँकेत नोकरीला होते आणि नवऱ्याची फिरतीची नोकरी होती, त्यामुळे संध्याकाळी मला सोबत म्हणजे खालच्या दवाखान्यातले आवाज. कण्हत आलेली माणसं थोड्या वेळानं हसत बाहेर पडायची. मिठागरात दिवसभर वाकून आखडलेले, भातलावणीनं कंबर धरलेल्या बायका, वीटभट्टीवरचे आदिवासी मजूर, बाजारातले हमाल. बहुतेकांचं दुखणं एकच होतं, कंबर नाहीतर गुडघे, आणि मागणंही एकच. "सुई मारा डाक्टर, उद्या कामाव जायाचं हाय."

डॉक्टर कधी नाही म्हणत नसत. "एक टोचतो, उद्या कामाला जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या आवाजात ते आशीर्वादासारखं वाटायचं. ज्याचा रोज बुडाला की घरी चूल पेटत नाही, त्याला आठवडाभर पडून राहा म्हणून सांगणं ही चैन आहे, असं त्यांचं मत होतं. "पुस्तकात विश्रांती लिहिलीय," ते म्हणत. "पुस्तक लिहिणाऱ्याला लावणीला पाठवा."

उंच, मानेत जरासे वाकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढायचे. मूळचे रोह्याचे. बायको लवकर गेली, मुलगा बंगळूरला. बुधवारी ते रोह्याच्या जुन्या घरात दवाखाना चालवत आणि तिकडे रेल्वेनंच जात. त्या प्रवासाची मजा मी एकदा पाहिली. माझं माहेर रोह्याचं, म्हणून त्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाले होते. कासूला गाडी थांबली तर खिडकीपाशी दोन म्हाताऱ्या हजर. त्यांना डॉक्टरांची खिडकी ठाऊक होती. निडीला एक माणूस धावत आला. डॉक्टरांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून गजांतून त्याच्या हातावर ठेवली आणि गाडी सुटली. तो माणूस गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभा होता. डॉक्टर माझ्याकडे पाहून हसले. "हे बघ," म्हणाले, "मुंबईच्या स्पेशालिस्टाला असा पेशंट मिळेल का?"

गर्व होता त्यांना. का नसावा? एका लग्नात मुलीच्या बापाला कंबरेनं उठता येईना, तर मांडवातून यांना बोलावणं आलं. पडद्याआड त्यांनी सुई दिली, बाप कन्यादानाला ताठ उभा राहिला, आणि नंतर पंगतीत वरपक्षाच्या आधी पहिलं ताट डॉक्टरांसमोर ठेवलं गेलं. ही गोष्ट ते स्वतः सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगू लागलं की बारीकसारीक चुका दुरुस्त करत.

त्यांना स्वतःला मधुमेह होता. "माझी साखर माझ्या मुठीत आहे," असं म्हणत आणि आमच्याकडे पुरणपोळी असली की अर्धीच घेत. गुडघे मात्र गेले होते. सकाळच्या चहाबरोबर दुखण्याची एक गोळी बिस्किटासारखी तोंडात टाकताना मी त्यांना कितीतरी वेळा पाहिलं होतं.

एकदा ते पोह्याचे पापड द्यायला वर आले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. छातीवर हात नव्हता, कळ नव्हती. नुसते थांबले, आणि घामानं बुशशर्ट भिजला. मधुमेहात हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच मुकं येतं, हे मला नंतर कळलं. त्यांना ते तिथेच, पायरीवर कळलं असणार. "गाडी काढ," एवढंच म्हणाले.

अँजिओग्राफी झाली. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, बायपास करायलाच हवी होती. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. मुलगा बंगळूरहून यायला निघाला होता, तोपर्यंत जवळ मीच. भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या. शेख त्यांचं नाव, वयानं टिपणीस डॉक्टरांना मुलीसारख्या.

"सर, दुखण्यावरच्या गोळ्या घेता?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"कधीतरी म्हणजे कधीतरीच हो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉ. शेख स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या. किडनीचा आकडा, ते क्रिएटिनिन, वर गेलं होतं.

"सर, थोडा वेळ तुम्ही डॉक्टर आहात हे विसरा," त्या म्हणाल्या. "साखरेनं तुमच्या किडन्या आधीच थकवल्यात. त्यात अँजिओग्राफीच्या औषधाचा भार पडलाय. ऑपरेशनमध्ये रक्तदाब जरा खाली-वर झाला की पहिला मार किडनीला बसतो. अशा वेळी किडनी आपल्या रक्तवाहिन्या सैल करून स्वतःला वाचवायला धडपडते. दुखण्याच्या गोळ्या नेमकी ती धडपडच बंद पाडतात. हे मी तुम्हाला शिकवायला नको. पण मला खरं कळलं नाही, तर मी कशापासून वाचवू तुम्हाला?"

डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"रोज घेतो," ते अगदी हळू म्हणाले. "सकाळी एक. गर्दी असली तर दुपारीही. खूप वर्षं झाली."

डॉ. शेख रागावल्या नाहीत. त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. गोळ्या बंद केल्या, साखरेची गोळी थांबवून इन्सुलिन सुरू केलं, रक्तदाबाचंही एक औषध तात्पुरतं काढलं, सलाइन जपून चढवलं आणि किडनी सावरायची वाट पाहिली. त्या दिवसांत डॉक्टरांचे गुडघे असे ठणकले की कूस बदलतानाही ते कण्हत. ज्यांनी आपल्यासमोर कुणाला कण्हू दिलं नाही, त्यांचं कण्हणं ऐकत मी बाहेर बाकावर बसून असायचे.

आकडा उतरल्यावर ऑपरेशन झालं. हृदय न थांबवता, यंत्रावर न घेता, धडधडत्या हृदयावरच टाके घातले. किडनीला तेवढाच कमी त्रास, असं डॉ. शेखनी मुलाला समजावलं. हृदयाचं काम उत्तम झालं. पण अतिदक्षता विभागात सगळे बघत होते ते त्यांच्या पलंगाला लटकलेल्या लघवीच्या पिशवीकडे. नर्स दर तासाला वाकून ती वाचायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कमी भरली आणि रंगही गडद झाला. डॉ. शेख येऊन उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. नुसतं पाणी चढवून भागत नव्हतं, जास्त झालं की ते फुप्फुसात जायची भीती. रक्तदाबाचं औषध थोडं वाढव, थोडं कमी कर, असं चाललं होतं. मला क्षणभर आत सोडलं तेव्हा डॉक्टरांनी खुणेनं जवळ बोलावलं.

"दामाचं असंच झालं असेल," ते म्हणाले.

दामा कोण, मला माहीत नव्हतं. औषधाच्या गुंगीत बोलताहेत असं वाटलं.

संध्याकाळी पिशवी पुन्हा भरू लागली. घरी सोडताना डॉ. शेख म्हणाल्या, "किडन्या वाचल्या, सर. पूर्वीसारख्या नाहीत, पण जपल्यात तर पुरतील." डॉक्टरांनी त्यांना हात जोडले. त्या संकोचल्या.

पेणला परत आल्यावर सगळं गाव भेटायला लोटलं. कुणी पांढऱ्या कांद्यांची माळ आणली, कुणी वाळवलेल्या सुकटीचा पुडा. डॉक्टर कुणाशी धड बोलेनात. मला वाटलं, ऑपरेशननंतर माणसं उदास होतात म्हणे, तसं असेल. पण एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "सुट्टीच्या दिवशी गाडी काढशील? कासूच्या पुढं, खाडीकडं जायचंय. दामा म्हात्रेकडं."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. दामा मिठागरातला माणूस. त्याला मधुमेह होता आणि मीठ ओढून ओढून त्याची कंबर कामातून गेली होती. हंगामात दर आठवड्याला तो त्या गोळ्यांच्याच जातीची दुखण्याची सुई घ्यायला यायचा आणि डॉक्टर द्यायचे. वर्षभरापूर्वी दामाची बायपास ठरली. तिकडच्या हॉस्पिटलातून डॉक्टरांना फोन आला, याला नेहमीची औषधं कोणती? फोन खांद्याला धरून ते त्या क्षणी दुसऱ्याच कुणाला सुई देत होते. "साखरेची गोळी, दुसरं विशेष काही नाही," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. ऑपरेशननंतर दामाच्या किडन्या बंद पडल्या त्या पडल्याच. तेव्हापासून तो डायलिसिसवर होता.

"मधुमेह होता, नशीब एकेकाचं, असं मी गावाला सांगितलं," ते म्हणाले. "आणि सुईमुळंच गेल्या असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, हेही खरं. त्याच आधारावर मी वर्षभर नीट झोपलो."

मी गाडी चालवत राहिले.

दामाचं घर खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधालगत होतं. ओटीवर खाटेवर तो बसला होता. खंगलेला, एका हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली. डायलिसिसची सुई तिथेच लागते. डॉक्टरांना बघून तो लगबगीनं उठू लागला.

"बस, बस," डॉक्टर म्हणाले. पण स्वतः बसले नाहीत. दामाच्या बायकोनं, सुमननं, पाणी आणून ठेवलं. उभ्याउभ्याच, शाळेतल्या पोरानं फळ्यासमोर बोलावं तसं, त्यांनी सगळं सांगितलं. सुया कसल्या होत्या, त्या किडनीला काय करतात, फोनवर त्यांना काय विचारलं होतं आणि त्यांनी काय सांगितलं. माझ्या ऑपरेशनला मी खरं बोललो म्हणून वाचलो, तुझ्या वेळी बोललो नाही, हेही त्यांनी सांगितलं.

दामा खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "तिथल्या डाक्टरनी मला पन इचारलं व्हतं."

"काय विचारलं?"

"सुया घेतल्याव का दुखन्याच्या. मी बोललो, नाय."

"का रे, दामा?"

"तुमचं नाव खराब झालं असतं." तो अगदी सहज बोलत होता. "यवढ्या मोठ्या हास्पिटलात आमच्या डाक्टरला कोन काय बोलंल, ता मला चालनार हाय का?"

डॉक्टरांनी भिंतीला हात लावला आणि तिथेच, सारवलेल्या जमिनीवर खाली बसले. मी पुढे झाले तर त्यांनी हातानं थांबवलं.

सुमन दारात उभी होती. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "सुई आमीच मागायचू, ह्ये खरं हाय," ती म्हणाली. "पन मागनाऱ्याला कललं असतं तर देनाऱ्यानं शिकायचं कशाला? माफी मागाया आलाव काय? ती मी नाय देनार. च्या ठेवलाय, पिऊन जावा."

"असं काय बोलतंस गो," दामा पुटपुटला.

"बोलू दे तिला," डॉक्टर म्हणाले.

तिनं चहा आणला. बिनसाखरेचा, त्यांना चालेल असा. डॉक्टरांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला आणि आम्ही निघालो. गाडी हायवेला लागली. मग म्हणाले, "तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं गं. त्याचं ऐकवलं नाही. त्यानं मला झाकलं आणि झाकता झाकता स्वतः बुडाला."

त्यानंतरचे टिपणीस डॉक्टर पेणला आवडले नाहीत. मधुमेहाच्या पेशंटला ते सुई देईनात. इतरांनाही आधी हजार प्रश्न विचारायचे, लघवी तपासा, रक्त तपासा. "ऑपरेशननं डाक्टरचा हात गेला," असं लोक म्हणू लागले. समोर एका तरुण डॉक्टरनं दवाखाना थाटला होता, तिथली रांग लांबत गेली. निडीला खिडकीपाशी हात पुढे यायचे, तर हे म्हणायचे, "पट्टी नाही. रोह्याला ये, तपासतो." हळूहळू खिडकीपाशी कुणी येईनासं झालं.

पण एक नवं काम त्यांनी धरलं. त्यांच्याकडचा कुणी मधुमेही हृदयाच्या ऑपरेशनला निघाला की हे बरोबर जायचे. रोह्याचे अन्वरभाई, बेकरीवाले, त्यांची बायपास ठरली तेव्हा मीही माहेरी होते आणि डॉक्टरांबरोबर त्यांच्या घरी गेले होते. अन्वरभाईंचा मोठा मुलगा मोठ्या आदबीनं म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही या तब्येतीत कशाला येता? काय काय औषधं झाली ते आम्ही सांगू ना."

"तू नाही सांगणार," डॉक्टर म्हणाले.

"का नाही?"

"तुला माझी लाज राखावीशी वाटेल. म्हणून मला येऊ दे."

हॉस्पिटलात पुन्हा डॉ. शेखच होत्या. अन्वरभाईंना विचारलं तर ते चाचरले, मुलाकडे बघू लागले. डॉक्टर खुर्चीतून उठले. "दुखण्याच्या सुया. पुष्कळ. अलीकडे नाहीत, पण त्याआधी वर्षानुवर्षं नेमानं. मीच दिल्या," असं त्यांनी सांगितलं. आजूबाजूला इतर पेशंटचे नातेवाईक होते, शिकाऊ डॉक्टर होते. त्यांतला एक दुसऱ्याच्या कानात काही बोलला आणि दोघं हसले. डॉ. शेखनी मान वर करून त्या दोघांकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाल्या, "बसा ना, सर." ते बसले नाहीत. अन्वरभाईंचं ऑपरेशन पुढे ढकलून, किडनीची सगळी तयारी करून झालं आणि ते धडधाकट घरी आले. डॉक्टरांना मुलानं खारीचा डबा पाठवला. तो त्यांनी आमच्याकडे वर पाठवून दिला.

दामा पुढच्या उन्हाळ्यात गेला. डॉक्टर त्याच्या अंत्यविधीला गेले होते. माणसं बांधावर उभी होती आणि हे त्यांच्यापासून थोडे बाजूला, उन्हात. पुढे या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सुमननं त्यांना पाहिलं होतं. त्यांनी मला हे सांगितलं तेही एवढंच, आणि मग विचारलं, "नळाला पाणी आलं का वर?"

माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो दारात लागला होता म्हणून मी निरोप घ्यायला खाली उतरले, तर दवाखान्यात एक बाई हटून बसली होती. शेतमजूर असावी, पावलं चिखलानं भेगाळलेली.

"येकच मारा," ती विनवत होती. "लावनी हाय. उद्या नाय गेले तं मुकादम दुसरी बघंल."

"तुला साखर आहे, बाई. सुई नाही देणार. ही साधी गोळी घे, शेक घे, आणि आधी लघवी तपासू. फुकट तपासतो."

"लघवीत काय बगताव? दुखतंय कंबरंत!" ती तडकून उठली आणि पायऱ्या उतरून सरळ समोरच्या दवाखान्याकडे चालू लागली.

टिपणीस डॉक्टर टेबलावरची छोटी प्लास्टिकची बाटली घेऊन तिच्या मागे निघाले. चपला घालायचं त्यांना सुचलं नाही. एक हात छातीवरच्या टाक्यांच्या वणावर, दुसऱ्या हातात ती बाटली. रिक्षावाले बघायला लागले, एकजण मोठ्यानं हसला. "अगं थांब, सुई तिथं घेणार असशील तर घे," ते धापा टाकत म्हणत होते, "पण हे तपासून तरी दे. किडनीचं कळेल. अगं, तुझ्या पोरांसाठी म्हणतो."

बाई भर रस्त्यात थांबली. सगळा बाजार बघतोय आणि डॉक्टरांच्या हातात लघवीची बाटली, ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. "काय मागं मागं येताव," ती दबक्या आवाजात म्हणाली, "लाज नाय वाटत?"

"वाटते," डॉक्टर म्हणाले. "घे."

मागून रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. ते रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभे होते आणि हात पुढे केलेला तसाच होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, बाटली ओढून घेतली आणि पदराखाली लपवली.